डझनाचे नग झाले, तेव्हा चूक आमची नव्हती

२०२५ च्या दिवाळी हंगामापासून सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि अकाउंट लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: अपडेट तपासूनच येतं, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते जुने कॉम्प्युटर वापरणाऱ्या, सूचना न वाचणाऱ्या आणि बॅकअप न घेणाऱ्या लोकांमुळे. भीती वाटत असेल तर अपडेट घेऊच नका. आणि कंपनी गप्प असते ती काम करत असते म्हणून, उगाच बोंबा मारू नका.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात बिलिंग बघते. हा मेसेज एकाच दिवशी मला पाच जणांनी पाठवला. माझ्यासारखी, रात्री आठपर्यंत बसून दुसऱ्याची चूक निस्तरणारी माणसं या गावात खूप आहेत. त्यांना अडाणी ठरवलेलं मला सहन होत नाही, म्हणून लिहिते.

आधी ‘तपासूनच येतं’ याबद्दल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक फाइल जगभरच्या विंडोज मशिनवर आपोआप उतरली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशिन बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. बिघाडाचं कारण कंपनीने नंतर स्वतःच जाहीर केलं: नव्या नियमाला २१ रकाने वाचायचे होते, प्रोग्रामने दिले २०. एका रकान्याचा फरक, आणि तो तपासणीत सापडला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटने काही लोकांच्या फाइलीच पुसल्या. चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी काहींनी ते आधीच कळवलं होतं, तरी अपडेट बाहेर पडलं आणि चार दिवसांत थांबवावं लागलं. या दोन्ही वेळी मशिनपुढे बसलेल्या माणसाने काय चुकीचं केलं होतं?

आता आमच्याकडचं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. टॉवेलला नगामागे अडीच हजारापर्यंत ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे तिने त्यासाठी अपडेट पाठवलं. ते घेतल्यावर आमच्या काही मालांच्या एककाच्या रकान्यात ‘डझन’ होतं तिथे ‘नग’ आलं. आकडे तेच, शब्द बदलला. ४० डझन मोठे टॉवेल, २,८८० रुपये डझन, म्हणजे २४० रुपयांचा एक टॉवेल. बिलावर छापलं गेलं ४० नग, दर २,८८०. मालाची रक्कम दोन्हीकडे १,१५,२०० च येते, म्हणून आम्ही बेरीज जुळवली आणि माल सोडला. पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी एक टॉवेल अडीच हजाराच्या वर गेला होता. त्यामुळे ५,७६० रुपयांच्या जागी २०,७३६ रुपये टॅक्स लागला. हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन आला, “मॅडम, टॉवेलला अठरा टक्के कधीपासून?” तेव्हा कळलं. गोडाऊनच्या स्टॉकमधून ४८० ऐवजी ४० च टॉवेल वजा झाले होते, तेही मग बघितलं.

मेसेज म्हणतो, सूचना वाचा. वाचली होती. ‘नवे दर व किरकोळ दुरुस्त्या’ एवढीच ओळ होती. एककाला हात लावल्याचा उल्लेख कुठेही नव्हता. कॉम्प्युटर म्हणाल तर त्याच वर्षी घेतलेला.

बॅकअपबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण हा मुद्दा ऐकून भले भले मान खाली घालतात. आमच्या ऑफिसात रोज संध्याकाळी सात वाजता दोन पेन ड्राइव्हवर बॅकअप होतो, एक मालकांच्या घरी जातो. आदल्या दिवसाचा डेटा माझ्या हातात होता. पण बॅकअप डेटा परत देतो, जुनं व्हर्जन परत देत नाही. तो डेटा नव्या व्हर्जनमध्ये उघडला की उघडतानाच त्याचं रूपांतर होत होतं, आणि डझनाचे परत नग. जुन्या व्हर्जनचा सेटअप कंपनीने साइटवरून काढून टाकलेला. म्हणजे किल्ली माझ्याकडे होती, पण कुलूपच बदललं होतं. ज्याने बॅकअप घेतला नाही त्याला बोला, खुशाल बोला. पण ज्याने घेतला त्याचीही सुटका झाली नाही, हे त्या मेसेजमध्ये का नाही?

‘अपडेट घेऊच नका’ हा सल्ला तर घातक आहे, आणि तो चिडलेल्या लोकांना पटतो म्हणून जास्त घातक. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. आणि जीएसटीचा दर बदलल्यावर जुन्या दराने बिल करणार कसं? अपडेट घेणं आम्हाला भागच असतं. म्हणूनच ते पाठवणाऱ्याची जबाबदारी जास्त.

राहिला शेवटचा मुद्दा, कंपनी गप्प असते ती काम करत असते म्हणून. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. क्राउडस्ट्राइकची ती फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९:३९ ला गेली आणि १०:५७ ला मागे घेतली गेली. नुकसान झालंच, पण त्याच दिवशी कंपनीच्या प्रमुखाने चूक आमची आहे असं सांगितलं, आणि पुढे रकान्यापर्यंतचं कारण छापलं. काम करता करता बोलता येतं. उलट सोनोस या स्पीकरच्या कंपनीने ७ मे २०२४ ला नवं ॲप आणलं, त्यात अलार्मसारख्या रोजच्या सोयी गायब होत्या. प्रमुखांची जाहीर माफी आली ती जुलैच्या शेवटी. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

आम्हाला आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतून चार दिवस कुणी काही सांगितलं नाही. हेल्पलाइनवर रोज नवा मुलगा, रोज पहिल्यापासून सांगायचं, “मॅडम, तुमच्याकडेच होतंय बहुतेक.” दुसऱ्याच दिवशी चाटी गल्लीतल्या एका कापडवाल्यांकडे आणि होटगी रोडच्या एका युनिफॉर्मवाल्यांकडे तेच झाल्याचं कळलं. मग कंपनीला कळलं नसेल? एक ओळ पाठवायला हवी होती: ‘डझनात माल असेल तर बिल छापण्याआधी एकक तपासा.’ एवढं पुरलं असतं. मालाच्या गाडीसोबत जातं त्या ई-वे बिलात दुरुस्ती करता येत नाही, चुकलं तर २४ तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं. ओळ वेळेत आली असती तर माल पोचायच्या आत ते करता आलं असतं. गाडी हैदराबादला उतरल्यावर कळून काय उपयोग? मग जादा लावलेला टॅक्स कमी करून देणारी क्रेडिट नोट, व्यापाऱ्याला समजावणं, आणि मालकांनी, म्हणजे अण्णांनी, त्यांच्याशी तेलुगूत मागितलेली माफी. अण्णांची काही चूक नव्हती.

पाचव्या दिवशी दुसरं अपडेट आलं आणि एकक जागेवर आलं. सोबत मेसेज होता, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कोणती बिलं चुकली असतील, ती कशी शोधायची, याबद्दल एक शब्द नाही. मी त्या पाच दिवसांची सगळी ६३ बिलं काढून टेबलावर ठेवली आणि पेन्सिल घेऊन एकेक एकक तपासत बसले. अकरा चुकीची निघाली.