इंजेक्शनातलं तेल भाव बघून ठरत नाही

हॉर्मोनच्या इंजेक्शनांबद्दलचा एक मजकूर जिमवाल्या पोरांच्या मोबाइलवर फिरतो, तोच थोड्या फरकाने आयव्हीएफ घेणाऱ्या बायकांपर्यंतही पोचतो. सार असं: औषध नावापुरतं, बाकी सगळं तेल, तेही कंपन्या स्वस्तातलं घालतात, सरकीचं नाहीतर एरंडेल, दोन्हींत विष असतं, घाण्याचं शुद्ध तेल घातलं तर सुईच्या जागी गाठ येणार नाही, आणि तेल जितकं जाड तितके दिवस अंमल जास्त.

आधी ‘नावापुरतं’. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या सायपिओनेट नावाच्या रूपात, त्याच्या 200 मिलिग्रॅमवाल्या औषधात, दर मिलिलिटरला सरकीचं तेल 560 मिलिग्रॅम असतं. वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हॉर्मोनच. इतकं औषध नुसत्या तेलात विरघळून राहत नाही, म्हणून बेन्झिल बेन्झोएट नावाचा द्रावक सोबत घालतात. तरीही कुपी गार पडली की तळाशी स्फटिक दिसू शकतात. कोमट करून हलवली की पुन्हा विरघळतात. भेसळ म्हणून ज्यांचे फोटो पाठवले जातात, ते बरेचदा हेच असावेत.

स्वस्ताच्या मुद्द्याला एस्ट्रॅडायॉल व्हॅलरेट या स्त्री-हॉर्मोनच्या इंजेक्शनाचं उत्तर पुरेसं आहे. अमेरिकेत त्याच एका ब्रँडचं मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमचं औषध तिळाच्या तेलात येतं, 20 आणि 40 मिलिग्रॅमचं एरंडेलात. भावच बघायचा असता तर तिन्हींना एकच तेल चाललं असतं. एरंडेलातल्या रिसिनोलेइक आम्लाला एक हायड्रॉक्सिल गट जास्तीचा असतो, त्यामुळे त्यात अशी औषधं जास्त विरघळतात. टेस्टोस्टेरॉनच्याच अनडेकॅनोएट या रूपाचं उदाहरण तर याहून बोलकं. चीनमध्ये ते चहाच्या जातीतल्या एका झुडपाच्या बियांच्या तेलात बनवत, मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम. 1000 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे 8 मिलिलिटर, तो दोन्ही कुल्ल्यांत वाटून द्यावा लागे. एरंडेलात मिलिलिटरला 250 बसतं, म्हणजे 4 मिलिलिटर, एकच सुई. स्नायूत किती मावतं, यावर तेल ठरतं.

विषाचं म्हणाल तर एरंडीतलं रिसिन हे प्रथिन आहे. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल असतं हे खरं, पण ते शुद्धीकरणात निघून जातं. कच्चं तेल इंजेक्शनात कुणी भरत नाही.

घाण्याच्या तेलाचा मुद्दा मात्र धोक्याचा, कारण तो ऐकून घरी प्रयोग करणारे भेटतात. घाण्याच्या तेलाला जो वास आणि चव असते, ती त्यात राहून गेलेल्या गोष्टींची: मुक्त आम्लं, बारीक गाळ, थोडं पाणी, प्रथिनांचे अंश. भाकरीवर त्या हव्याहव्याशा वाटतात, स्नायूत त्याच जळजळ करतात. औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमपुस्तकात, इंजेक्शनाच्या तेलाला आम्लता आणि पेरॉक्साइड (तेल खवट होताना तयार होणारे घटक) यांच्या मर्यादा घातलेल्या आहेत, त्या याचसाठी. कढईत तापवून फडक्याने गाळलेलं तेल यातल्या एकाही कसोटीला उतरणार नाही. पॅराफिनसारखं खनिज तेल तर नकोच. शरीराला ते पचवताच येत नाही आणि खऱ्या अर्थाने गाठी होतात त्या त्याच्यामुळे.

जाडपणा आणि अंमल. टेस्टोस्टेरॉनचंच प्रोपिओनेट रूप दोन-तीन दिवसांत ओसरतं, एनँथेट रूप आठवडे टिकतं. दोन्ही तिळाच्या तेलात दिली तरी. फरक हॉर्मोनला जोडलेल्या एस्टरच्या शेपटीचा, म्हणजे त्याला चिकटवलेल्या आम्लाच्या साखळीचा. तेलाचा काहीच वाटा नाही असंही नाही: अनडेकॅनोएटचं अर्धायुष्य (शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा काळ) चहाबियांच्या तेलात सुमारे 21 दिवस, एरंडेलात सुमारे 34. पण त्यावरून ‘जाड तेल घ्या’ असा सल्ला निघत नाही. एरंडेलातलं हे इंजेक्शन मुद्दाम सावकाश, साधारण दोन मिनिटं घेऊन देतात. अमेरिकेत ते 2014 साली मंजूर झालं तेच ठळक इशाऱ्यासह: तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जाऊन खोकला, धाप लागू शकते, तीव्र ॲलर्जीही होऊ शकते, म्हणून दिल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवायचं.

काही जण या यादीत सरकारी दवाखान्यातल्या ‘अंतरा’लाही ओढतात. त्या गर्भनिरोधक इंजेक्शनात तेल नाहीच, ते पाण्यातलं निलंबन आहे, म्हणजे औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले.

तेलाबद्दल विचारण्यासारखा जो प्रश्न आहे तो त्या मजकुरात कुठेच नाही: ॲलर्जीचा. सस्टॅनॉन या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल आहे आणि शेंगदाणा किंवा सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांना ते देऊ नये, असं त्याच्या पत्रकातच छापलेलं असतं. आयव्हीएफमध्ये दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनची बरीच इंजेक्शनं तिळाच्या तेलात असतात. तिळगूळ खाल्ला की अंगावर गांधी उठत असतील तर ते पहिल्या सुईआधीच डॉक्टरांना सांगा. प्रोजेस्टेरॉन बिनतेलाच्या रूपातही मिळतं.