वरच्या पाटातलं फाटक

"सगळ्या एजंटांना जेटीवर उभं करायचं आणि समुद्रात ढकलायचं!" दादाने बसायच्या आधीच जाहीर केलं. दादा कधी सरळ येऊन बसत नाही. आधी एक पाय पारावर, मग उजवा हात वर, मग 'भूमिपुत्र' हा शब्द आणि मग चहा.

"पक्या समोरच बसलाय," सलीम म्हणाला. "आणि त्याला पोहता येतं. सुरुवात दुसऱ्या कुणापासून तरी कर."

गुहागरात आठवडाभर दुसरा विषयच नाही: पक्याने काकूंच्या सामायिक वाडीतला मुंबईच्या काकांचा हिस्सा बाहेरच्या माणसाला विकून दिला आणि त्या माणसाने पाणंदीला फाटक बसवून कुलूप घातलं. वरच्या पाटातून, म्हणजे आमच्या वस्तीतून, समुद्राकडे जाणाऱ्या आमच्या पाणंदीतून ज्यांचे नारळ, सुपाऱ्या आणि गणपती गेलेत त्यांना त्याची झळ ठाऊक आहे. रविवारी संध्याकाळी वहिनींच्या टपरीशेजारच्या पारावर जे बोलणं झालं ते लिहून ठेवतोय. त्यातली एक गोष्ट हसण्यावारी गेली आणि ती तशी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पक्या एजंट आहे. पांढरा शर्ट, दोन मोबाइल आणि कुणाचाही फोन आला की "बोला सर". आमच्याच वर्गातला. मास्तरांनी त्याला गणितात कसंबसं पास केलं होतं. मास्तर ते अजून विसरलेले नाहीत आणि पक्याही नाही.

"मास्तर, एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. विचारा अजून काय विचारायचंय ते."

"हे तेव्हा आलं असतं तर आज कुठल्या कुठे असतास."

"आता कुठे आहे? तुमच्या पेन्शनीच्या पुढेच आहे."

मास्तरांनी मफलर नीट केला. ऑक्टोबरच्या उकाड्यात मफलर घालणारा गुहागरात हा एकच माणूस.

दादाला विषय हातातून जाऊ द्यायचा नव्हता. "एन्रॉन आलं तेव्हाही हेच! अंजनवेलला, वेलदूरला काय झालं? आधी जमिनी गेल्या, मग कंपनी आली, 2001 ला बंद पडली. आपल्या हाती काय उरलं? नाणारला तेच, बारसूला तेच. आधी हे येतात, सातबारे गोळा करतात, आणि आपल्याला पेपरात वाचल्यावर कळतं. कोकण विकलं या लोकांनी. भूमिपुत्र..."

"एन्रॉनच्या वेळी डंपर कुणाच्या वडिलांचे होते रे?" सलीमने विचारलं.

"ते भाड्याने दिले होते."

"कुणाला?"

दादाने चहा मागवला.

वहिनी इतका वेळ गाळणीत चहा ओतत होत्या. त्यांचं माहेर दापोलीकडचं. वडील गेल्यावर भावांनी त्यांच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद धरला होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सही न करता परत आल्या. पुढे चार वर्षं माहेरी जाणं बंद होतं. आज त्यांचं नाव त्या सातबाऱ्यावर आहे. त्यामुळे जमिनीच्या गोष्टीत त्या बोलू लागल्या की मी गप्प बसून ऐकतो.

"पक्या, मला एक सांग," त्या म्हणाल्या. "काकूंच्या वाडीच्या सातबाऱ्यावर नावं किती?"

"27."

"त्यातली जिवंत किती?"

पक्याने बोटं मोजली. "अठरा असतील."

हे खरं होतं. माझं झेरॉक्सचं आणि दाखल्यांचं दुकान आहे. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो आणि गावातले निम्मे उतारे माझ्याच प्रिंटरमधून निघतात. काकूंच्या वाडीचा उतारा मी स्वतः काढून दिला होता. आजोबांच्या मागे पाच मुलगे, त्यांच्या मागे मुंबई, पुणे, बडोदा. घरात राहायला एकट्या काकू. वाटप झालेलं नाही, पोटहिस्सा पडलेला नाही, निम्म्या वारसनोंदी राहिलेल्या. 2025 च्या एप्रिलपासून सरकारने मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची जिवंत सातबारा मोहीम काढली, तलाठ्याने आवाज दिला, तेव्हा आमच्या पाटातून मोजकेच अर्ज गेले. बाकीच्यांचं म्हणणं, घाई काय आहे.

"मग विक्री झाली, नवं नाव चढवायचा फेरफार पडला, तेव्हा हरकतीची नोटीस कुणाला गेली?" वहिनींनी विचारलं.

"ज्यांची नावं आहेत त्यांना."

"म्हणजे मेलेल्या थोरल्या दिरांच्या नावाने पाकीट आलं, पोस्टमनने 'मयत' लिहून परत पाठवलं, आणि पंधरा दिवस संपले. तू काही चोरी केली नाहीस पक्या. तू उघड्या दारातून आत गेलास."

"तेच तर मी म्हणतोय!" पक्या खूश झाला.

"खूश होऊ नकोस. उघडं दार दिसलं म्हणून आत जायचं नसतं, हाक मारायची असते. काकू तुला लहानपणी आंबोळ्या घालायच्या. तिला एक हाक मारली असतीस तर?"

पक्याने एक मोबाइल उलटा ठेवला. मग दुसरा.

आता यात जी मेख आहे ती सांगायला हवी, कारण आमच्याकडे ही रीतच होऊन बसली आहे. अख्खी वाडी घ्यायची म्हटलं तर अठरा जिवंतांच्या आणि वर मेलेल्यांच्या वारसांच्या सह्या लागतात आणि त्या जन्मात मिळत नाहीत. मग अठरातला एक माणूस शोधायचा: लांब राहणारा, गणपतीलाही न येणारा, अडचणीत असलेला. त्याचा न वाटलेला हिस्सा घ्यायचा. तेवढ्याने बाहेरचा माणूस सहहिस्सेदार होतो. मग तो येऊन म्हणतो, 'मी पण मालक', आणि बाकीचे वैतागून एकेक करून विकतात. काकूंच्या ओटीवर तो माणूस खुर्ची टाकून बसला होता. सत्तरीच्या बाईने त्याला पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं एवढंच तिला माहीत. खरं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे राहत्या एकत्र घरात हिस्सा घेतला तरी परक्याला तिथे सोबत येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा. पण हे काकूंना सांगणार कोण? आम्ही सगळे इथे पारावर होतो.

"मी तर महारेराची, सरकारची एजंटांसाठीची, परीक्षा दिलीय," पक्या म्हणाला. "2023 पासून सक्तीची आहे. पहिल्या झटक्यात पास!"

"तू?" मास्तरांचा चहा कपातच राहिला. "परीक्षा? पास?"

"सर्टिफिकेट व्हॉट्सॲपला टाकू का?"

"ते बिल्डरच्या नव्या स्कीममधल्या फ्लॅटसाठी," वहिनी म्हणाल्या. "काकांची वाडी विकताना तुला कुठल्या रेराने विचारलं? बरं, ते राहू दे. मुंबईच्या काकांना तू भाव किती सांगितलास?"

"वहिनी, ते धंद्याचं..."

"आणि घेणाऱ्याकडून किती घेतलेस?"

"दोन्हीकडून दोन-दोन टक्के. रीत आहे."

"टक्के नाही विचारले. मधले विचारले."

कुणी बोललं नाही. मधले म्हणजे काय ते इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मालकाला एक आकडा, गिऱ्हाइकाला दुसरा, दोघांची गाठ थेट रजिस्ट्रारच्या दारात. दोन टक्क्यांचा मला राग नाही. कागद काढणं, मोजणीला उभं राहणं, चार खेपा घालणं याचे पैसे माणसाने घ्यावेत. पण दोघांना अंधारात ठेवून मधले खाल्ले की गाव त्या माणसाच्या हातचं पाणीही संशयाने पितं. आणि छोट्या गावात एजंटाला दुसरं गाव नसतं. रोज याच नाक्यावर यायचं असतं.

"हेच! हेच मी म्हणतो!" दादा परत उभा राहिला. "एक इंच विकायचा नाही! ठराव करा!"

"दादा," पक्या शांतपणे म्हणाला, "कातळावरच्या तुमच्या तीस गुंठ्यांना पुण्याचं गिऱ्हाईक कुणी आणलं होतं?"

"ते वेगळं होतं. पोरीचं लग्न होतं."

"भाव चांगला मिळाला ना?"

"लग्न होतं म्हटलं ना!"

सलीम इतका हसला की त्याच्या रिक्षात बसलेलं गिऱ्हाईक डोकं बाहेर काढून बघू लागलं. तेवढ्यात दादाला 2011 च्या बॉक्स क्रिकेटची वर्गणी आठवली, जी सलीमकडे होती आणि जिचा हिशेब आजवर लागलेला नाही. सलीमला दादाने दिलेला पायचीत आठवला, जो बॅटला लागून पायाला लागला होता. दहा मिनिटं त्यात गेली. मास्तरांनी अंपायर म्हणून आपला निर्णय अजूनही कायम असल्याचं सांगितलं. तो काय होता ते मात्र त्यांना आठवेना.

हशा ओसरल्यावर वहिनी म्हणाल्या, "लग्न होतं म्हणून दादांनी विकलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. मुंबईच्या त्या काकांचंही बायपासचं ऑपरेशन होतं. आपल्यातल्या कुणी त्यांना विचारलं? भावकीतल्या कुणी म्हटलं, की काका, हिस्सा द्यायचा तर आम्हाला द्या, आम्ही पैसे उभे करतो?"

मास्तर म्हणाले, "1956 च्या वारसा कायद्यात कलम 22 आहे. वारसाला आपला वाटा विकायचा तर बरोबरच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क असतो."

"हक्क आहे हो मास्तर. पण तो घ्यायला आधी एकमेकांशी बोलावं लागतं."

हीच ती गोष्ट, जी मला वाहून जाऊ द्यायची नाही. माझ्या स्वतःच्या चुलतभावाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. कारण एक फणस. दगडी गडग्याच्या इकडे बुंधा, तिकडे फांदी. वहिनी बोलत होत्या तेव्हा मला तो फणस दिसत होता आणि घसा दाटून आला. उद्या कुणी त्याला ठाण्यात गाठून आकडा सांगितला तर मला कळणार कसं? फोन त्याला एजंटाचा येईल, माझा नाही.

"बोलून झालं असेल तर पाणंदीचं बघू," सलीम म्हणाला. "मागच्या तीन वाड्यांचे नारळ काढायचेत. फाटकाला कुलूप आहे. माझ्या आपाची वाडी त्यातच आहे. तिने काय समुद्रातून नारळ पोहत आणायचे?"

इथे मास्तर कामाला आले, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी सांगितलं की शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येतं, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तहसीलदार जागेवर येऊन पंचनामा करतो आणि अडथळा काढायला लावू शकतो. "गेटला आठ दिवस झालेत. अजून सगळा वेळ आपला आहे. तो सातबाऱ्यात हिस्सेदार झाला, वाटेचा मालक नाही."

दादा म्हणाला, "मोर्चा काढू."

"आधी अर्ज काढू," वहिनी म्हणाल्या. "मोर्चाला तुमचा आवाज लागेल, तो राखून ठेवा."

माझं दुकान चार पावलांवर. लॅपटॉप पारावरच आणला. मास्तर सांगत होते, मी टाइप करत होतो, आणि प्रत्येक ओळीला मास्तर ऱ्हस्व-दीर्घावर अडत होते. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर कुणालाच येईना. मागच्या तिन्ही वाड्यांचे नंबर, पाणंदीची रुंदी, कुठल्या गडग्यापासून कुठल्या सुरूपर्यंत, सगळं पक्याने न बघता सांगितलं.

"स्वतःच्याच गिऱ्हाइकाविरुद्ध?" सलीमने विचारलं.

"मी हिस्सा विकून दिला. वाट विकून दिली नव्हती," पक्या म्हणाला. आवाज जरा चढला होता. "आणि त्या पाणंदीतून माझ्या बापाला नेलंय."

यावर दादालाही काही सुचलं नाही.

"सही करशील?" वहिनींनी विचारलं.

"साक्षीदार म्हणून करतो. माझं कमिशन?"

"दोन टक्के चहा."

"दोन्हीकडून?"

"मधलाही घे," वहिनी म्हणाल्या आणि सगळा पार हसला. मास्तरांना ठसका लागला. दादाने "नेत्याने सही शेवटी करायची असते" असं काहीतरी म्हणून घड्याळ बघितलं, तर सलीमने त्याचा अंगठाच धरून शाईच्या पॅडवर नेला. या हसण्यात मघाचं बोलणं मागे पडलं आणि उठायची वेळ झाली.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मुंबईच्या काकांना कळवायला हवं. पाणंद पहिल्यापासून सगळ्यांची होती, असं त्यांनी दोन ओळीत लिहून दिलं तर अर्जाला जोडता येईल. नंबर कुणाकडे आहे?"

मास्तरांनी डायरी काढली. सलीमने मोबाइल चाळला. दादा म्हणाला, आमच्या घरी लँडलाइनच्या जुन्या वहीत असेल. मी काकूंच्या पुतण्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, आमचं त्यांच्याशी येणं-जाणं नाही.

पक्याने उलटा ठेवलेला मोबाइल सरळ केला आणि दहा आकडे वाचून दाखवले. मी ते अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतले.