ब्रिटिश मतदार म्हणे थकला!

ब्रिटनमधल्या सार्वत्रिक निवडणुकीचा विषय निघाला, की समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागतो. ‘सततच्या निवडणुकांनी मतदार थकलाय. २०२४ मध्ये दहापैकी चार जणांनी मतच दिलं नाही. त्यात ओळखपत्राची सक्ती. सगळे पक्ष सारखेच, मग घरी बसणं हाच खरा निषेध. आणि आपण तर भारतीय पासपोर्टवाले, आपल्याला काय त्याचं?’ पुढची निवडणूक १५ ऑगस्ट २०२९ पर्यंत लांबू शकते, म्हणजे मजकुराला अजून भरपूर आयुष्य आहे. त्यातला वैताग खरा आहे. निदान मात्र जवळपास प्रत्येक वाक्यात चुकलं आहे.

‘सततच्या निवडणुकांनी मतदार थकला.’ नुसत्या तारखा ओळीने मांडल्या तरी हे टिकत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, मतदान ८४.६ टक्के. मे २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ६६ टक्के. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात ७२.२. एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अचानक निवडणूक जाहीर केली, तेव्हा ‘पुन्हा निवडणूक?’ हा त्रागा टीव्हीवरून देशभर गाजला आणि जूनमध्ये मतदान वाढून ६९ टक्क्यांच्या आसपास गेलं. १९२३ नंतर पहिल्यांदाच डिसेंबरात, ऐन थंडीत, २०१९ ची निवडणूक झाली, तरी ६७ टक्के लोक आले. त्यानंतर साडेचार वर्षं सार्वत्रिक निवडणूकच नव्हती. चांगली विश्रांती मिळाली म्हणायची! आणि ४ जुलै २०२४ ला आकडा ६० च्या खाली.

इतका कमी टक्का त्याआधी २००१ मध्ये दिसला होता, ५९.४. दोन्ही वेळा साम्य एकच होतं: मजूर पक्ष (लेबर) मोठ्या बहुमताने येणार हे मतदानाच्या कित्येक आठवडे आधी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. उलट १९९२ मध्ये शेवटपर्यंत चुरस होती, तर ७७.७ टक्के मतदान झालं. निकाल ठरलेला वाटला की लोक घरी राहतात. किती वेळा बोलावलं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. अविश्वास वेगळा मोजावा लागतो, आणि तो प्रचंड आहे. २०२४ च्या निवडणुकीआधी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स पाहणीत ४५ टक्के लोक म्हणाले, की सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते पक्षहिताआधी देशहित बघेल यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास नसतो. हा तोवरचा उच्चांक होता.

‘दहापैकी चार जणांनी मत दिलं नाही.’ खरी परिस्थिती याहून वाईट आहे. टक्का काढतात तो मतदारयादीत नाव असलेल्यांचा, सगळ्या पात्र लोकांचा नव्हे. निवडणूक आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार ग्रेट ब्रिटनमधल्या (इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स) याद्या सुमारे ८६ टक्केच पूर्ण होत्या. नाव नसलेले किंवा चुकीच्या पत्त्यावर असलेले लोक ८० लाखांपर्यंत असावेत. यात घर मालकीचं की भाड्याचं, हा फरक फार बोलका आहे. कर्जमुक्त घरमालकांपैकी ९५ टक्के यादीत, खासगी भाडेकरूंपैकी ६५. नाव पत्त्याशी बांधलेलं असतं आणि घर बदललं की ते आपोआप सोबत येत नाही, नवा अर्ज करावा लागतो. पूर्वी घरातला एक जण सगळ्यांची नावं भरून द्यायचा. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतंत्र नोंदणी करायची. दर वर्षी खोली बदलणारा पंचविशीतला तरुण ‘उदासीन’ म्हणून गणला जातो, आणि बऱ्याचदा त्याचं नाव तीन घरांपूर्वीच्या पत्त्यावर पडून असतं. (उलटा दोषही आहे: विद्यार्थी घरी आणि वसतिगृहात अशा दोन ठिकाणी नोंदले जातात, त्यामुळे टक्का थोडा खाली दिसतो.)

‘ओळखपत्राने घात केला.’ थोडा केला. छायाचित्र असलेलं ओळखपत्र सक्तीचं झाल्यावर ग्रेट ब्रिटनमधली ही पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. केंद्रावर जाऊनही त्यापायी मत देऊ न शकलेले लोक आयोगाच्या हिशेबात ०.०८ टक्के, म्हणजे सुमारे १६,००० निघाले. चालणार नाही या समजुतीने आलेच नाहीत ते वेगळे. पण सात-आठ टक्क्यांची घसरण यातून निघत नाही. टपाली मतपत्रिकांचा घोळ निदान तितकाच गंभीर होता. निवडणूक २२ मे ला जाहीर झाली, उमेदवारी अर्जांची मुदत ७ जूनला संपली, मतपत्रिका त्यानंतर छापायच्या. तोवर स्कॉटलंडमधल्या शाळांना सुट्टी लागून कुटुंबं प्रवासाला निघाली होती. एडिनबरामध्ये तर न पोचलेल्या मतपत्रिका पुन्हा देण्यासाठी खास सोय करावी लागली.

‘सगळे सारखेच, एका मताने काय होतं?’ लंडनच्या हेंडन मतदारसंघात २०२४ चा निकाल १५ मतांनी लागला, पूल (Poole) मतदारसंघात १८ मतांनी. तरीही या तक्रारीत दम आहे, फक्त रोख पक्षांपेक्षा पद्धतीवर हवा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्क्यांवर ५, आणि लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के मतांवर ७२. इतका विचित्र भागाकार पाहून कुणाचं मन उडालं, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही.

‘घरी बसणं हाच निषेध.’ न आलेल्याची नोंद ‘आला नाही’ एवढीच होते. तो रागावलेला होता की तापाने पडला होता, हे कुणाला कळत नाही. ब्रिटनमध्ये नोटा नाही. पण शंकास्पद मतपत्रिका मोजणीत बाजूला काढून उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना दाखवतात, मग निवडणूक निर्णय अधिकारी निकाल देतो आणि बाद मतांची कारणवार संख्या जाहीर होते. म्हणजे मतपत्रिकेवर लिहिलेला खरमरीत शेरा उमेदवाराच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या नजरेस पडू शकतो. शेऱ्यासोबत एकाच चौकटीत स्पष्ट फुली असेल, तर मात्र ते वैध मत ठरू शकतं.

‘आपण भारतीय पासपोर्टवाले.’ हे साफ चूक. भारतासारख्या राष्ट्रकुल देशाचा नागरिक, ब्रिटनमध्ये रीतसर राहण्याची परवानगी आणि वास्तव्य असेल, तर सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (नोकरी-करासाठी मिळणारा सरकारी क्रमांक) जवळ ठेवावा. मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधीची. २०२४ मध्ये ती १८ जून होती. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो, मुदत संपलेला असला तरी, फक्त चेहरा जुळला पाहिजे. त्या दिवसांत भारतात येणार असाल तर टपाली मताच्या नादी लागू नका, कारण भरलेली मतपत्रिका मतदानाच्या रात्री १० पर्यंत तिथे परत पोचावी लागते. त्याऐवजी तुमच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी (प्रॉक्सी) नेमा, त्यासाठी ६ कामकाजाचे दिवस आधीपर्यंत मुदत असते. प्रतिनिधी स्वतःचं ओळखपत्र दाखवतो. मराठी माणसाचा घोटाळा बहुधा नावात होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, यादीत नसतं. लग्नानंतर आडनाव एकीकडे बदललेलं, दुसरीकडे नाही. किरकोळ फरक खपतो. आडनावच वेगळं असेल तर विवाहाचा दाखला सोबत न्या, किंवा नोंदणीची मुदत संपण्याआधीच यादीतलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या.