सरकारवाड्याच्या पायरीवर बसून

परवा नाशिकच्या भांडीबाजारातून येताना सरकारवाड्याच्या, म्हणजे पेशव्यांच्या जुन्या कचेरीच्या, पायरीवर टेकलो. वास्तुप्रेम वगैरे काही मनात नव्हतं, गुडघे कुरकुरत होते. पण हयातभर नकाशे काढलेत, त्यामुळे बसल्या जागी डोळे मापं घ्यायला लागतातच.

आधी जोतं, म्हणजे वाड्याखालचा उंच चौथरा, बघा. बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, एवढ्या पायऱ्या कशाला? पेशवाई थाट? थाट असेलही. पण गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला, काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं का, सरकारवाड्याच्या पायऱ्या किती राहिल्या. २००८ च्या सप्टेंबरात सराफ बाजार पाण्यात गेला, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात पुन्हा. नदीजवळ कचेरी थाटायची तर दप्तर कोरडं राहायला हवं, एवढं बांधणाऱ्याला कळत होतं. आपण २००८ नंतर निळी नि लाल पूररेषा आखली आणि तिच्या आत काय काय बांधता येईल यावर अजून भांडतोय.

खाली काळा दगड, वर सागवान. ही जोडी आपल्याकडच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या टिकली, त्याची कारणं अगदी साधी आहेत. लाकडी खांब जमिनीत रोवत नाहीत, दगडी उथळ्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर, उभे करतात, म्हणजे ओल वर चढत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. तुळई जेवढी लांब मिळेल तेवढाच खण, म्हणून जुनी माणसं घर खणांत सांगायची, 'आमचं पाच खणी आहे' अशी. भार बराचसा या लाकडी सांगाड्यावर असतो. एखादा खांब कुजला तर टेकू देऊन तेवढाच बदलता येतो. मात्र चुन्याच्या भिंतीवर कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा चढवला की संपलं. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग भिंतीतली लाकडं आतल्या आत खलास होतात आणि दोष मात्र म्हाताऱ्या वाड्याला. गावठाणात दर पावसाळ्यात वाडे पडतात त्यात हेही एक कारण आहे. भाडेकरू-मालकांच्या भांडणांवर मी बोलत नाही, निम्मे नातेवाईक इथेच वाचताहेत.

सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आत आहे, डागडुजी झाली, हे चांगलंच. पण मला वाटतं हा वाडा नुसता बघायला ठेवू नये. तो कामाची जागा म्हणून जगलाय. पेशव्यांचा कारभार इथून चालला, १८१८ नंतर इंग्रजांनीही कचेरी म्हणूनच वापरला. १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय इथे नांदलं. पोलीस ठाणं तर हलताना वाड्याचं नावच सोबत घेऊन गेलं. अशा जागेत रोज चार माणसं आली पाहिजेत. गळती पहिल्यांदा कोणाला दिसते? रोज तिथे बसणाऱ्याला.

माझं म्हणणं एवढंच की वाड्याच्या एका सोप्यात, म्हणजे ओसरीत, दाखल्यांची खिडकी उघडा. गेल्या वर्षी वारस नोंदीसाठी एका नव्याकोऱ्या सरकारी इमारतीत गेलो होतो. बाहेरून सगळी काच, आत उकाडा, आणि लोकांनी थांबायचं कुठे याचा कागदावर विचारच नाही. सत्तरीतली बहीण तीन तास जिन्यात उभी. ओसरी म्हणजे दुसरं काय असतं हो? सावलीत, वाऱ्यावर, रस्ता बघत बसायची जागा. वाडा बांधणाऱ्यांनी काम घेऊन येणाऱ्याला आधी बसायला दिलं.

लोक पिचकाऱ्या मारतील, असं आमचा मुलगा म्हणतो. या मुद्द्यावर मी निरुत्तर. मारतील.

उठायच्या बेतात होतो तर एक बाई हातात कागदांची पिशवी घेऊन पायऱ्यांशी थांबल्या.
"काका, उत्पन्नाचा दाखला इथेच मिळतो ना? नाव सरकारवाडा सांगितलं रिक्षावाल्याने."
त्यांना सीबीएसकडचा, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडचा, रस्ता दाखवला. ऊन फार होतं, म्हटलं आधी दोन मिनिटं बसा. बसल्या.