ऑर्किडची पांढरी मुळं कापू नका

‘ऑर्किडची पांढरी पडलेली मुळं मेलेली असतात, ती कापून रोप कुंडीत मातीत लावा, पुन्हा तरारेल’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तसं करू नका. यानं जगणारं रोपही जाईल.

घरोघरी दिसणारं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड मुळात झाडाच्या फांदीवर वाढणारं. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, कशी झाडाला चिकटून लटकते, तसंच. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. सुकलं की ते रुपेरी-पांढरं दिसतं, पाणी पडलं की थोड्या वेळात हिरवट होतं. म्हणजे पांढरं मूळ तहानलेलं आहे, एवढंच!

मेलेलं मूळ ओळखायचं असेल तर चिमटीत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर राहू द्या. तपकिरी, लिबलिबीत असेल, किंवा पोकळ होऊन साल निघाली आणि आत नुसता दोरा उरला, तर तेवढंच निर्जंतुक कात्रीनं कापा. माती तर नकोच, तिच्यात मुळांना हवा मिळत नाही. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा घ्या. भोकांची कुंडी घ्या. पानं सुरकुतलेली दिसली म्हणून रोज पाणी ओतणं हाही घोळच, कारण कुजलेल्या मुळांनीही पानं तशीच सुरकुततात. आणि ‘महिन्यात फुलेल’ वगैरे विसरा, नवं मूळ दिसायलाच कधीकधी काही महिने जातात.