सपोर्टवाला डिबग लावून गेला

स्टोरेज मॅनेजमेंट सर्व्हरला काम एकच, बाकीच्या डिस्का किती भरल्यात त्याच्यावर नजर ठेवायची आन् भरत आल्या की बोंब मारायची. आमच्या लातूरकडच्या साखर कारखान्यातला हा सर्व्हर ऐन गाळपात स्वतःचीच डिस्क भरून गप बसला. बोंब मारायची तर अलर्टचा मेल आधी डिस्कवर उतरवून मग पाठवायचा असतोय, आन् उतरवायला जागाच नव्हती.

त्याचं असंय, सपोर्टवाल्यांना तुम्ही काहीबी सांगा, रिपोर्ट उघडंना म्हणा नाहीतर पासवर्ड घेईना म्हणा, ते म्हणणार "सर आपण डिबग ऑन करून लॉग घेऊ". लॉग म्हणजे प्रोग्राम काय करतोय त्याची नोंदवही, आन् डिबग म्हणजे त्यात बारीकसारीक सगळं लिहायला लावणं. असाच एक जण रिमोटवर आला, डिबग लावला, लॉग नेला, तिकीट बंद केलं आन् गेला. डिबग तसाच चालू, आन् त्या लिखाणानंच डिस्क भरली.

सिस्लॉगच्या, म्हणजे लॉग लिहायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, पातळ्या आठ. 0 म्हणजे इमर्जन्सी, 3 एरर, 4 वॉर्निंग, 6 इन्फो आन् 7 डिबग. म्हणजे आकडा चढेल तशी बडबड वाढती आन् कामाचं कमी होतं. 7 वर सर्व्हर काय लिहायलाय बघितलं तर, ॲरेला (डिस्कांच्या कपाटाला) विचारायलो, ॲरे बरा आहे म्हणतोय, आता थांबतो, थांबलो, परत विचारायलो... रात्रंदिवस हेच. खरा एरर त्यात कुठंतरी असणार, पण शोधायला माणूस लावावा लागंल.

साहेबांना जाऊन सांगितलं, "साहेब, साठा 100 टक्के झालाय." साहेब एकदम खुलले, "काय सांगतो, मांजरा धरण भरलं?" त्यांचंबी चूक नाही, 2016 ला ज्या गावानं मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालं त्या गावात 100 टक्के म्हणलं की माणूस पेढेच आणणार. डिस्कचं उलटं असतं हे समजावण्यात चहा गार झाला.

तेवढ्यात आमच्या ज्युनियर पोरानं सगळ्यात मोठी लॉग फाइल उडवून टाकली. "दादा, फाइल गेली पण जागा काय होईना की ओ!" डीयू (फायलींचा आकार मोजणारी कमांड) म्हणतंय डिस्क रिकामी, डीएफ (डिस्कवरची शिल्लक जागा सांगणारी) म्हणतंय फुल्ल, आन् दोघंबी खरं बोलायलेत. लिनक्सवर प्रोग्रामनं फाइल उघडी धरलेली असली की तुम्ही तिचं नाव पुसलं तरी तो सोडीपर्यंत जागा मोकळी होत नाही. सर्व्हिस रिस्टार्ट केली तेव्हा कुठं श्वास आला.

मग सेटिंग. मेन पानावर लेव्हल इन्फो दाखवायलं, डिबगचा पत्ताच नाही! एजंटची (माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रामची) लेव्हल वेगळी, अलर्टवाल्याची वेगळी, डेटाबेसची आणखी वेगळी, आन् प्रत्येक सेटिंग वेगळ्याच फाइलीत दडलेली, ज्यानं हे बनवलं त्याला एकदा तरी स्वतः चालवायला बसवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. एकेकाला 4 वर आणलं. लॉगरोटेटला, म्हणजे जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामला, सांगितलं 100 एमबी झाली की फाइल बदल, जुन्या सात ठेव, दाबून (कॉम्प्रेस करून) ठेव, बाकीच्या फेक. कॉपीट्रंकेट, म्हणजे आधी कॉपी काढून मग तीच फाइल रिकामी करायची, हे लावावं लागलं, कारण हा प्रोग्राम धरलेली फाइल काय सोडत नाही. कॉपी व्हायच्या नि फाइल रिकामी व्हायच्या मधल्या चार ओळी त्यात गळू शकतात, गळू देत. लॉगला वेगळं पार्टिशनबी (डिस्कचा वेगळा कप्पा) दिलं, पुन्हा भरलंच तर तेवढंच भरंल, मेल तरी जाईल.

साहेबांना मात्र लेखी पाहिजे, पहिला एरर किती वाजता आला. लॉगमधी 04:30. मी म्हणलं साहेब हा यूटीसी टाइम हाय, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, साडेपाच तास मिळवा, सकाळचे दहा होतेत, पण साहेबांनी 04:30 एवढंच वाचलं आन् थेट वॉचमन मामाला बोलावणं धाडलं, पहाटं साडेचारला कॉम्प्युटर रूममधी कोण होतं म्हणून. मामा आले, टोपी काढली, म्हणले, "साहेब, मी तवा वजनकाट्यापाशी शेकत बसलो होतो, पाहिजे तर ट्रॅक्टरवाल्यांना इचारा."