अंगठा, आवळा आणि वन बीएचके

काल मला भर रजिस्ट्रार ऑफिसात एका अनोळखी गृहस्थांच्या डोक्यावरून अंगठा फिरवावा लागला. वास अजून जात नाहीये. आवळ्याचा आहे.

भाड्याने द्यायला म्हणून पुण्याजवळ वाकडला वन बीएचके घेतोय. आयुष्यातला पहिलाच, 48 लाखांचा. 'पहिली प्रॉपर्टी आहे, घाई करू नकोस' असं ज्याने त्याने बजावलं, म्हणून आठ महिन्यांत 31 फ्लॅट पाहिले. एजंट दर वेळी म्हणायचा, "सर, हा उद्यापर्यंत राहत नाही." चार महिन्यांनी पुन्हा गेलो तर तोच फ्लॅट, दाराला तेच कुलूप आणि किल्ली शोधणारा तोच एजंट. असो.

कालची तिसरी खेप. पहिल्या खेपेला सर्व्हर डाऊन, दुसरीला एका ओळखदाराचं, म्हणजे 'यांना मी ओळखतो' असं सांगणाऱ्या साक्षीदाराचं, आधार कार्ड घरी. फ्लॅट विकणारे दर वेळी नाशिकहून येतात. पहिल्यांदा त्यांनी चिवडा आणला होता. आता ते माझ्याकडे बघतही नाहीत.

टोकन लागलं, मी अंगठा काचेवर ठेवला.

"दाबा," ऑपरेटर म्हणाला. "जोरात नको. एवढं हळूही नको." पाच वेळा झाल्यावर त्याने मान वर केली. "साहेब, रेषाच नाहीत तुम्हाला."

नशिबाची रेषा नाही हे आई लहानपणापासून सांगायची. ही दुसरी भानगड नवीन होती.

"कोरडा पडलाय तो," मागून आवाज आला. कुणाच्या तरी दस्ताला ओळखदार म्हणून आलेले एक काका, गांधी टोपी, हातात शेंगांची पुडी. "केसांवरून फिरवा जरा. तेल लागलं की उमटतो."

ऑफिसातल्या सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"असं म्हणता," ते म्हणाले. मी काहीच म्हणालो नव्हतो.

मग त्यांनी टोपी काढली आणि माझ्यापुढे वाकले. "माझं घ्या. सकाळीच लावलंय."

काय करणार? फिरवला. एकदा भागलं नाही म्हणून "मागल्या बाजूने घ्या, तिथं जास्त आहे" अशी सूचना झाली. नाशिकचे मोबाइलमध्ये बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

ठसा घेता घेता मशीनच बंद पडलं. ते सुरू होईपर्यंत काकांनी माझा हिशोब काढला. "भाडं किती येईल?"

"16 हजार."

"आणि मुद्रांक?"

"सात टक्के. 3 लाख 36 हजार. वर नोंदणीचे 30 हजार."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले. "म्हणजे पहिले 23 महिने भाडेकरू सरकारचा. मग तुमचा. मेंटेनन्स वेगळा." अजून एक शेंग. "मिसेसच्या एकटीच्या नावावर घेतला असता तर एक टक्का सुटला असता की हो."

हे बायकोने मला आधीच सांगितलं होतं. पण दारावर माझ्या नावाची पाटी हवी होती ना! भाडेकरू पहिल्याच दिवशी ती काढून स्वतःची लावणार, हे तेव्हा सुचलं नाही. 48 हजारांची पाटी.

खरं सांगतो, पैशांचं एवढं वाटलं नाही. पाचशेच्या साडीला दुकानदार गादीवर बसवून चहा पाजतो. इथे साडेतीन लाखांवर आगाऊ भरून चाळीस माणसांत चार खुर्च्या, आणि पंखा फक्त कॉम्प्युटरवर. प्यायच्या पाण्याचं विचारलं तर शिपाई म्हणाला, "खाली टपरीवर मिळेल." टोकन जाईल म्हणून खालीही जाता येत नाही.

शेवटी अंगठा उमटला. काकांनी टाळी वाजवली. फोटो झाला. प्रिंट काढताना सर्व्हर गेला.

"सोमवारी या," ऑपरेटर म्हणाला. "अंगठा परत घ्यावा लागेल."

काकांचं काम झालं होतं, ते गेले. रात्री बायकोने काही न बोलता माझ्या फाईलमध्ये पॅन आणि आधारच्या शेजारी तेलाची छोटी बाटली ठेवली. खोबरेल आहे. त्याने उमटतो का, काकांना विचारायचं राहिलं.